भाराखालील कसोटी



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी मला विज्ञान शिकविले. म्हणून आजचा विषय मी माझ्याच एका चुकीपासून मांडतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील संगणक काम चालू असतानाच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होत असे. मी त्याचा वीजपुरवठा संच, ज्यास आपण एस.एम.पी.एस. म्हणतो, सोडवून घेतला. मोठ्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेस जोडताच पंखा फिरला. मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर १२.१ व्होल्ट दाखविले. संच निर्दोष असल्याचा निर्वाळा मी दिला. साहजिकच संशय तो संगणक हाताळणाऱ्या एका विद्यार्थ्यावर गेला आणि त्यास संगणक कक्ष बंद झाला.

चूक कोठे झाली? हा संच २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह देतो. इंटेल कंपनीने १९९५ साली मांडलेल्या ए.टी.एक्स. मानकानुसार या दाबांत सामान्यतः पाच टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६. मात्र हा दाब संच काम करीत असतानाही टिकला पाहिजे. मी मोजला तेव्हा त्यावर जवळजवळ भारच नव्हता. रिकामी बैलगाडी कोणत्याही आसावर चालते. आसाची परीक्षा तुरीची पोती लादल्यावर होते. 'गुरुचरित्रा'तील कडगंचीच्या सायंदेवाची परीक्षाही वादळी पावसाच्या रात्रीच झाली.

म्हणून प्रयोगशाळेत संचावर क्षमतेच्या २०, ५० व १०० टक्के असा भार चढवीत प्रत्येक टप्प्यावर दाब नोंदवितात. पूर्ण भारावर संच काही तास चालवितात, कारण काही दोष तापल्यावरच प्रकटतात. तिसरी कसोटी दाबातील सूक्ष्म तरंगांची. तंत्रज्ञ यास रिपल म्हणतात. १२ व्होल्टवर हा तरंग टोकापासून टोकापर्यंत १२० मिलिव्होल्ट, तर ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टपर्यंत चालतो. मल्टिमीटर सरासरी दाखवितो. हे तरंग पाहण्यास ऑसिलोस्कोपच हवा. कपॅसिटर जुने झाले की तरंग वाढतात आणि सरासरी ठीक असूनही संगणक अडखळतो.

ही साधने नसली तरी एक उपाय आपल्या हाती आहे. संगणकास भरपूर काम द्यावे आणि ते चालू असतानाच जोडणीच्या मागील बाजूने दाब मोजावा. संचाची पेटी मात्र उघडू नये. आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि तार काढल्यानंतरही ते काही काळ टिकून राहू शकतात.

पुढे मी तोच संच संगणकास जोडून चालत्या कामात मोजला. १२ व्होल्टची तार १०.९ वर उतरली होती. संच बदलला, आणि तक्रार संपली. परंतु त्या मुलाचे दोन महिने गेले होते. मी शाळेत जाऊन सर्व वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याने एवढेच विचारले, "सर, आता मी संगणकावर बसू का?"

संच तपासताना मला आजही तो प्रश्न आठवतो, आणि भार चढविल्यावाचून मी निर्वाळा देत नाही.