फक्कीचा एच, पोलादावरचा एच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवसभर टॉवेलच्या मागांचा खडखडाट असतो. त्यामुळे इथे हेलिकॉप्टर आधी दिसतं, मग ऐकू येतं. निवडणुका लागल्या की हमखास दिसतं. आमच्या भागात हेलिपॅड म्हणजे सपाट केलेलं मैदान, धूळ बसावी म्हणून मारलेला पाण्याचा टँकर, फक्कीने आखलेलं वर्तुळ आणि मधोमध एच. सभा आटोपली की पोरं त्याच एचवर क्रिकेट मांडतात. वैमानिकाला इथे एक गोष्ट गृहीत धरता येते, आणि ती लहान नाही: जमीन जागची हलत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हायच्या समुद्रात हाच एच पोलादावर रंगवलेला असतो. 1974 साली ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं, 1976 पासून उत्पादन सुरू झालं आणि माणसांची ने-आण हा रोजचा व्यवहार होऊन बसला. साधारण चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी अशी तिथली पाळी. हेलिकॉप्टर सुटतं जुहूहून. 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेच जुहू. यात्रेकरूंना वैष्णोदेवीमुळे ठाऊक असलेली पवनहंस 1985 साली स्थापन झाली तेव्हा तिचं मुख्य काम तेलक्षेत्राची ही वाहतूकच होतं.

तेल काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवरच्या हेलिडेकवर, म्हणजे हेलिकॉप्टर उतरतं त्या डेकवर, एचशिवायही बरंच लिहिलेलं असतं. किती लांबीचं आणि किती वजनाचं हेलिकॉप्टर इथे चालेल, ते आकड्यांत रंगवतात. डेकची एक बाजू, अर्ध्या वर्तुळाहून थोडी जास्त, मोकळी ठेवायची. क्रेन, चिमण्या, मनोरे सगळे उरलेल्या बाजूला. हेलिकॉप्टर येण्याआधी क्रेन थांबते, फेसाचा फवारा मारणारी माणसं जागा धरतात आणि डेकचा अधिकारी ‘मोकळं आहे’ म्हणेपर्यंत कोणी उतरत नाही.

अनेक डेकवर दोराची जाळी अंथरलेली असते, चाक घसरू नये म्हणून. अंगठ्याएवढ्या जाडीचा दोर, वीतभर चौकटी, कडेने चहूबाजूंनी ताण. ताण पुरेसा आहे का, हे हाताने पाहतात: जाळी धरून वर ओढायची, ती सुमारे 25 सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली गेली तर सैल. आमच्या कारखान्यांतला कोणताही कारागीर ही तपासणी न शिकवता करेल; ताणा ढिला पडला की काय होतं, हे त्याला सांगावं लागत नाही. इथे मात्र ढिल्या दोरात टॉवेल नाही, हेलिकॉप्टर अडकतं.

प्लॅटफॉर्म निदान समुद्राच्या तळात रोवलेला असतो. जहाजाचा डेक डुलतो, वर उठतो, खाली जातो. माझगाव डॉकने बांधलेल्या ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’ या युद्धनौकांवर नौदलाने सी किंगसारखं अवजड हेलिकॉप्टर बसवलं, तेव्हा कॅनडाची ‘बेअरट्रॅप’ यंत्रणा आणली. हेलिकॉप्टर डेकवर घिरट्या घालत राहतं, डेकवरून आलेली तार त्याच्या पोटाशी जोडली जाते, विंच ती तार ताणून धरते आणि टेकताक्षणी डेकवरचा पोलादी जबडा पोटाखालचा दांडा पकडतो. 1983 च्या ‘गोदावरी’वर तर दोन सी किंग मावत. नाशिकच्या नदीचं नाव असलेल्या जहाजाची ही कर्तबगारी आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे दिसत नाही, ते जाऊ द्या.

तेलक्षेत्रातलं एक भीषण प्रकरण हेलिकॉप्टर उडालंच नाही म्हणून घडलं. 26 जुलै 2005 चा पाऊस सगळ्यांना आठवतो. त्याच्या दुसऱ्या दिवसाचं फारसं कोणाला आठवत नाही. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका माणसाच्या बोटांना इजा झाली. हवामानामुळे हेलिकॉप्टर बंद. म्हणून क्रेनच्या पाळण्यातून त्याला प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं आणि जहाज जवळ आणलं गेलं. लाटेने जहाज उचललं आणि त्याचा हेलिडेकच प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळला. वायू पेटला. सुमारे दोन तासांत मुख्य प्लॅटफॉर्म कोसळला. 384 पैकी 362 जण वाचले, 22 गेले. हेलिकॉप्टर उतरावं म्हणून बांधलेल्या डेकनेच वाहिनी फोडली, हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

उडालेली हेलिकॉप्टरंही पडली आहेत. 13 जानेवारी 2018 ला जुहूहून निघालेलं डॉफिन सातही जणांसह समुद्रात गेलं. 28 जून 2022 ला ‘सागर किरण’ रिगकडे निघालेलं एस-76 रिग जवळ आली असताना पाण्यात उतरलं. नऊ जण होते. एकाला रिगच्या बोटीने काढलं, चौघांना ‘मालवीय 16’ जहाजाने. चौघे वाचले नाहीत.

म्हणून समुद्रात जाणाऱ्याला आधी बुडायला शिकवतात. गोव्यात बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे. या प्रशिक्षणात नकली केबिनमध्ये पट्टा बांधून बसवतात आणि केबिन पाण्यात पालथी करतात. नियम साधे आहेत: एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बकलवर. केबिन पूर्ण फिरून थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आधी सोडला तर वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही.