तणनाशक सोयाबीनला चालतं, पण कोणत्या वाणाला?

तणनाशकाच्या डब्यावर ‘सोयाबीनसाठी’ छापलेलं असलं की शेतकरी निर्धास्त होतो. पण ती मान्यता पिकाला असते, वाणाला नव्हे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात याचा चांगलाच अनुभव आला. मेट्रिब्युझिन हे उगवणीपूर्वी जमिनीवर फवारायचं औषध बहुतेक वाणांनी पचवलं. ‘सेमेस’ आणि ‘ट्रेसी’ला मात्र ते बाधलं. अशा वाणांत रोपं नीट उगवतात, मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात आणि जास्त मार बसलेलं रोप वाळून जातं. मेट्रिब्युझिन पानातलं प्रकाशसंश्लेषण अडवतं. सहनशील वाणही ते मुळांतून शोषतंच, फक्त झपाट्याने त्याचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं. ‘सेमेस’चा हा कमकुवतपणा एकाच अप्रभावी जनुकामुळे येतो, हे १९७६मध्ये दाखवलं गेलं. पुढे ‘ट्रेसी’तल्याच तगलेल्या झाडांतून ‘ट्रेसी-एम’ हे सहनशील वाण निवडलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, खरा दोष जमिनीचा आणि पावसाचा. तेही खरं आहे. हलकी, सेंद्रिय कर्ब कमी असलेली किंवा जास्त सामूची जमीन हे औषध धरून ठेवत नाही. वर जोराचा पाऊस झाला की ते मुळांपाशी उतरतं. पण मुळाशी औषध किती पोचणार, एवढंच माती ठरवते; पोचलेल्या औषधाचं काय होणार, ते वाण ठरवतं. ‘पीक सावरतं की!’ हा दुसरा युक्तिवाद. इमॅझेथापायर या तणनाशकाने पिवळं पडलेलं सोयाबीन पंधरवड्यात बहुधा हिरवं होतं, हे मान्य. मात्र जेएस ९५-६० सारख्या जेमतेम तीन महिन्यांच्या वाणाला पंधरवडा परवडत नाही. राहिला जनुकीय बदलाचा उपाय. अमेरिकेत १९९६मध्ये आलेलं पहिलं तसं बियाणं फक्त ग्लायफोसेट सोसतं. पुढे ग्लायफोसेटला न जुमानणारी तणं माजली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना पुन्हा मेट्रिब्युझिनकडे वळावं लागलं आणि वाणांच्या चाचण्याही पुन्हा महत्त्वाच्या ठरल्या. भारतात तर अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही.

विद्यापीठं नवं वाण देताना उत्पादन, कालावधी, रोगप्रतिकार सांगतात. त्याच पत्रकात नेहमीच्या तणनाशकांबद्दल एक ओळ छापायला हवी. तोवर नवं वाण घेणाऱ्याने सगळ्या रानावर पंप फिरवण्याआधी दोन ओळींवर शिफारशीच्या मात्रेत औषध मारून पाहावं.