फोरची बाजूला ठेवलेली पानं

व्हेरॉनिका रॉथची 'डायव्हर्जंट' ओळखली जाते ती ट्रिसची कादंबरी म्हणून. पण सुरुवातीला ही गोष्ट सांगत होता टोबायस, म्हणजेच फोर. थोडी पानं झाली, गाडी अडली आणि रॉथने ते लेखन बाजूला ठेवलं. काही वर्षांनी, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकत असताना, शेवटच्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत तिने तीच गोष्ट सोळा वर्षांच्या ट्रिसच्या तोंडी दिली. या वेळी ती तडीस गेली. पदवी हातात पडण्याआधीच पुस्तकाला प्रकाशक मिळाला आणि 2011 मध्ये ते बाजारात आलं.

हा बदल झाला नसता तर कादंबरी इतकी पकड घेऊच शकली नसती, असं मला ठामपणे वाटतं. कादंबरीतल्या, गुणांवरून पाच गटांत वाटलेल्या समाजात टोबायस निडरांच्या गटात मुरलेला, नवख्यांना शिकवणारा. ट्रिस निःस्वार्थी गटाच्या घरातून आलेली, नवखी. धावती ट्रेन पकडताना तिची जी तारांबळ उडते, तीच आपलीही उडते.

निडरांचं प्रशिक्षण आलं मानसशास्त्राच्या वर्गातून. ज्याची धास्ती वाटते, त्याच्यासमोर माणसाला पुन्हा पुन्हा आणून भीती कमी करायची, हा उपचार रॉथ तिथे शिकली होती. कादंबरीत टोबायसला भीती फक्त चार, म्हणून तो फोर. शिकागोतल्या नेव्ही पिअरच्या बंद आकाशपाळण्यावर दोघं चढतात, तेव्हा ट्रिस मजेत असते. धाप लागलेली असते शिकवणाऱ्याला. त्याला उंचीची भीती आहे, हे तिला तिथे कळतं. हा प्रसंग त्याने स्वतः सांगितला असता, तर हा शोध वाचकाच्या वाट्याला आलाच नसता.

टोबायसचा आवाज मात्र वाया गेला नाही. 2013 च्या 'अलिजंट' या मालिकेतल्या तिसऱ्या, अखेरच्या कादंबरीत दोघं आलटूनपालटून बोलतात. (शेवट ठाऊक नसेल, तर पुढचं वाचू नका.) ट्रिस मरते. अनेक वाचक रॉथवर भयंकर चिडले. पण गोष्ट सांगणारीच गेल्यावर पुढचं सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि ते टोबायसनेच सांगितलं. पुढच्याच वर्षी त्याच्या तोंडच्या कथांचं 'फोर' हे पुस्तकही आलं.

पडद्यावर मात्र हा शेवट पोचलाच नाही. अखेरच्या पुस्तकाचे दोन चित्रपट करायचं ठरलं होतं. 2016 मध्ये पहिला आपटला, दुसरा निघालाच नाही. तेव्हा फक्त चित्रपट पाहिले असतील, तर तिसरं पुस्तक जरूर वाचा.