फाइल घरातच रेंगाळते तेव्हा

लग्नाचा ८ जीबीचा व्हिडिओ एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर पाठवायचा आहे. दोन्ही एकाच घरात, एकाच वायफायवर. तरी पडद्यावर 'अर्धा तास शिल्लक' दिसते आणि घरचे निकाल देऊन मोकळे होतात, की नेट स्लो आहे. मग शंभर मेगाबिटचा प्लॅन तीनशेचा होतो. बिल वाढते, अर्धा तास मात्र जागचा हलत नाही. हलणार कसा? ही फाइल इंटरनेटवर जातच नाही. ती राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच दुसऱ्या लॅपटॉपकडे वळते. राउटरची बाहेर जाणारी वायर काढून ठेवा, फाइल त्याच चालीने पोचेल.

अडथळा कुठे आहे, हे हिशेब मांडला की कळते. वायफायच्या माहितीत 'लिंक स्पीड' म्हणून एक आकडा दिसतो. २.४ गिगाहर्ट्झवरच्या साध्या लॅपटॉपला तो बऱ्याचदा १४४ असतो. पण हे मेगाबिट आहेत आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. ८ ने भागले की सेकंदाला १८ मेगाबाइट उरतात. प्रत्यक्षात त्यातलेही साधारण निम्मेच हाती लागतात. आणि दोन्ही लॅपटॉप वायफायवर असतील तर तीच माहिती हवेतून दोनदा जाते, आधी राउटरकडे, मग राउटरकडून. म्हणजे पुन्हा निम्मे. उरले साडेचार मेगाबाइट. ८ जीबीला अर्धा तास लागतो तो असा.

पहिले निम्मे कुठे जाते, ही गोष्ट जरा जुनी आहे. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात 'अलोहानेट' सुरू केले. बेटांवरची यंत्रे रेडिओने जोडायची होती आणि सगळ्यांना मिळून बोलायला एकच लहर होती. दोघांनी एकदम पाठवले की दोघांचेही वाया जायचे. त्यावर त्यांनी तोडगा काढला: पोच आली नाही तर प्रत्येकाने आपापल्या मनाने, कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. आपले वायफाय याच घराण्यातले. फरक एवढाच, की ते आधी कानोसा घेते आणि हवा मोकळी असेल तरच पाठवते; पोच येण्याची वाट तेही बघते. हे थांबणे, ऐकणे, पोच देणे सगळे त्याच वेळेतून वजा होते. लिंक स्पीडच्या आकड्यात ते धरलेले नसते आणि राउटरच्या खोक्यावरच्या आकड्यात तर नसतेच नसते.

त्यात एखादा जुना फोन दोन भिंतींपलीकडे असला की संपलेच. चाळीतल्या सामाईक नळावर कोणी तांब्या-तांब्याने हंडा भरायला बसले, तर मागच्याकडे बादली असून उपयोग काय? कमी वेगाचे यंत्र तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ हवा अडवते आणि वेगवान लॅपटॉप ताटकळतो.

शेजाऱ्यांचे राउटरही त्याच हवेत असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी नेहमीची चॅनले तीनच: १, ६ आणि ११. फ्लॅटच्या इमारतीत ती कधीच भरून जातात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. त्याहून लबाड आहे ती यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा कचरा बाहेर पडतो. म्हणजे ज्या डिस्कवर फाइल उतरवायची, तीच लॅपटॉपला खेटून ठेवली तर वायफायच्या कानाशी ओरडत असते. हातभर लांब ठेवा. लॅपटॉप आणि राउटर दोघांनाही जमत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा. तिथे जागा भरपूर आहे, फक्त सिमेंटच्या भिंतींपुढे ती लहर लवकर दमते.

हजार फोटो पाठवायचे असतील तर ते आधी एका झिप फाइलमध्ये घाला. प्रत्येक फाइल उघडण्या-मिटवण्याचा संवाद वेगळा होतो आणि वेळ त्यातच जातो.

एवढे करूनही मोठा उपाय राहतोच: वायर. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडला तरी हवेतली एक फेरी वाचते. दोन्ही जोडले तर हवेचा प्रश्नच मिटतो. मात्र राउटरचे पोर्ट बघून घ्या. स्वस्त राउटरवर 'तीनशे' लिहिलेले असते आणि मागची पोर्ट शंभर मेगाबिटचीच असतात. तिथे सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर काही मिळत नाही. पोर्ट गिगाबिटची असूनही वेग शंभरवर अडकला, तर केबलच्या टोकाची पिन बघा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांतली एक तार तुटली तरी केबल चालू दिसते, फक्त वेग गुपचूप खाली येतो.

धड गिगाबिट केबलवरून, दोन्हीकडे एसएसडी असेल, तर तोच व्हिडिओ दीड मिनिटाच्या आत उतरतो. तेव्हा प्लॅन वाढवायला फोन उचलण्याआधी एकदा वायर लावून बघाच.