मीठ, गंज आणि जुनी मोटार : आठ दशकांचा मागोवा

अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ हटवण्यासाठी मीठ टाकण्याची सुरुवात न्यू हॅम्पशायर राज्याने केली. 1938 मध्ये तिथे प्रयोग झाले आणि 1941-42 च्या हिवाळ्यात ते राज्याचे धोरण ठरले. त्या हिवाळ्यात देशभरातल्या महामार्गांवर मिळून सुमारे 5,000 टन मीठ पडले. त्याआधी बर्फ नांगराने बाजूला सारायचा आणि उरलेल्या थरावर वाळू किंवा राख टाकायची, अशी रीत होती. पत्रा तेव्हाही गंजत होताच, पण मिठाने गंजण्याचा वेग अनेक पटींनी वाढवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, उपनगरे पसरली, आणि 1956 च्या कायद्याने आंतरराज्यीय महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. वादळ थांबताच रस्ता डांबर दिसेपर्यंत मोकळा झालाच पाहिजे, ही अपेक्षा रूढ झाली. 1955 मध्ये मिठाचा वार्षिक वापर सुमारे 10 लाख टन होता. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत तो 1 कोटी टनांच्या जवळ पोहोचला. मीठ स्वस्त होते आणि हाताशी होते. मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइटच्या जमिनीखाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची खाण आहे, आणि कॅनडात ह्युरॉन सरोवराखालची गॉडरिचची प्रचंड खाण 1959 पासून चालू आहे.

मीठ लोखंडाला थेट खात नाही. गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन लागतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्याने ही विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने चालते, आणि क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भेदते. कडाक्याच्या थंडीत हा वेग मंदावतो. बर्फ वितळू लागला की वाढतो. म्हणूनच मिठाने माखलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये उभी केली, तर ती बाहेरच्या गाडीपेक्षा लवकर सडू शकते. साधे मीठ उणे 9 अंश सेल्सियसच्या खाली फारसे कामाचे नसते. त्यापेक्षा कमी तापमानासाठी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड वापरात आले. हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात, त्यामुळे कोरड्या दिवशीही गाडीचा तळ ओलसर राहतो.

मिठाचा वापर वाढत होता, नेमक्या त्याच काळात मोटारीची बांधणी बदलत होती. जाड चॅसिसवर वेगळी बॉडी बसवण्याऐवजी पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या वेल्ड करून एकसंध सांगाडा बनवण्याची पद्धत पसरली. क्रायस्लरने 1960 च्या आपल्या बहुतेक गाड्या अशा केल्या. त्यामुळे वजन कमी झाले, पण दाराखालच्या उंबऱ्यात, चाकाच्या कमानीत आणि सांध्यांत बंद पोकळ्या तयार झाल्या. चाकाने उडवलेला खारट चिखल मडगार्डच्या आतल्या काठावर साचतो आणि पाणी निघून जायची भोके बुजवतो. गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगावर लहान फोड दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो आणि पेचकस दाबला तर आरपार जातो. अशा जागी लांबी भरून रंग मारला, तर गंज वर्षभर झाकला जातो, थांबत नाही.

याचा हिशेब 1970 च्या दशकात चुकता करावा लागला. 1971 च्या शेव्हरले व्हेगाची बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवली जात असताना पुढच्या मडगार्डच्या वरच्या भागात हवा अडकायची आणि प्रायमर तिथवर पोहोचायचाच नाही. आतून अस्तरही नव्हते, त्यामुळे चिखल थेट त्याच उघड्या पत्र्यावर बसे. पुढे कंपनीला असंख्य मडगार्ड बदलून द्यावे लागले आणि प्लास्टिकचे अस्तर बसवावे लागले. 1976 मध्ये आलेल्या डॉज ॲस्पेन आणि प्लिमथ व्होलारे या गाड्यांची मडगार्डेही अशीच सडली. त्यांच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली मडगार्डे बसवून द्यावी लागली. ब्रिटनमध्ये लान्सिया बीटाचा इंजिन पेलणारा सांगाडाच गंजल्याचे उघड झाले आणि 1980 च्या सुमारास कंपनीने अनेक गाड्या परत विकत घेतल्या. कॅनडाच्या सरकारने 1978 मध्ये ऐच्छिक संहिता जाहीर केली. 1981 पासूनच्या गाड्यांसाठी तिची अपेक्षा अशी होती : दीड वर्ष पृष्ठभागावर गंज नको, पाच वर्षे पत्र्याला भोक नको, सहा वर्षे सांगाडा कमकुवत होता कामा नये.

उपाय कारखान्यातच सापडले. विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याची पद्धत फोर्डने 1960 च्या दशकात वापरात आणली. 1976 पासून तिचा सुधारित, कॅथोडिक प्रकार आला आणि पुढच्या दशकात तो जवळपास सगळीकडे रुळला. त्यात रंगाचा थर पोकळ्यांच्या आतही नीट बसतो. त्याच सुमारास पोर्शे 911 ची बॉडी दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेल्या पत्र्याची होऊ लागली, आणि 1985 मध्ये ऑडी 100 संपूर्ण गॅल्व्हनाइज्ड बॉडीसह आली. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते, म्हणून ओरखडा पडला तरी गंज लगेच पसरत नाही. पत्र्याला भोक न पडण्याची अनेक वर्षांची हमी कंपन्या देऊ लागल्या.

बॉडी टिकू लागली, तशा गाड्या जास्त वर्षे चालू लागल्या आणि गंजाचा प्रश्न तळाशी सरकला. टोयोटा टॅकोमा ट्रकच्या चॅसिस रंग चकाकत असतानाच आतून सडल्याचे दिसले. 1995 ते 2000 च्या ट्रकसाठी कंपनीने 2008 मध्ये विशेष योजना काढून काही ट्रक परत घेतले. 2016 मध्ये टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया मिळून सुमारे 15 लाख गाड्यांसाठी 3.4 अब्ज डॉलरपर्यंतच्या तडजोडीला तिने संमती दिली. ब्रेकच्या नळ्यांचा धोका याहून मोठा. पोलादी नळी गंजून फुटली की तेल गळते आणि पेडल खाली बसते. जनरल मोटर्सच्या 1999 ते 2003 च्या ट्रकची चौकशी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने 2015 मध्ये संपवली. गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. हा जुन्या गाड्यांचा सर्वसाधारण प्रश्न असल्याचे सांगून तळ धुण्याचा आणि नळ्या तपासण्याचा सल्ला देण्यात आला. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची न गंजणारी नळी मात्र व्होल्वो 1976 पासूनच वापरत होती.

आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे 2 कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. बर्फ पडण्याआधीच खारे पाणी फवारून मीठ वाचवण्याची पद्धत वाढली आहे, पण मिठाला तितकाच स्वस्त पर्याय नाही. त्यामुळे बर्फाळ प्रदेशातली जुनी गाडी घेताना बाहेरच्या रंगावर भरवसा ठेवू नये. गाडी लिफ्टवर चढवून चॅसिस, उंबरे आणि ब्रेकच्या नळ्या तपासाव्यात. हिवाळाभर तळ धुवावा, आणि हिवाळा संपताच एकदा कसून धुवून घ्यावा.