न ओघळणारी किटली : हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्याची रचना, चाचणी आणि सुधारणा



कपात चहा ओतून किटली सरळ केली की शेवटचा थेंब तोटीच्या खालून ओघळत टेबलावर उतरतो, हे तुम्ही अनेकदा पाहिले असेल. हा ओघळ पुसून टाकण्याइतका किरकोळ वाटतो. पण तो का होतो, या प्रश्नावर १९५६ पासून आजपर्यंत शोधनिबंध लिहिले गेले आहेत. किटली घडवणाऱ्याला तर हा प्रश्न प्रत्येक भांड्याबरोबर नव्याने सोडवावा लागतो.

या पाठात आपण एकच उदाहरण घेऊ. कुंभाराच्या चाकावर घडवलेली, आत-बाहेर झिलई केलेली, ६०० मिलि क्षमतेची स्टोनवेअर किटली. तुम्ही कोणत्याही शाखेचे असा. इथे लागणारे द्रवयामिकी आणि बलाचे गणित पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातलेच आहे. एक गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवा. किटली नीट ओतते की नाही हे बऱ्याच अंशी तोटीच्या शेवटच्या काही मिलिमीटरांत ठरते. ते मिलिमीटर आपण ओल्या मातीत कापतो, पण वापरतो भट्टीतून निघाल्यावर. मधल्या काळात ते बदललेले असतात. त्या बदलाचा हिशोब आधीच करणे म्हणजेच इथे रचना करणे होय.

१. आधी प्रश्न लिहून काढा

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या तांब्याचा विचार केला आहे. तांब्यात किती पाणी मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कुठे असतो, त्यातून पाणी कसे पडते, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. आकार कसा असावा हे ठरवण्याआधी प्रश्नांची यादी करावी, हा त्यातला धडा आहे.

आपल्या किटलीसाठी अशी यादी करू :

- वापरण्यायोग्य क्षमता ६०० मिलि, म्हणजे १५० मिलिचे चार कप.
- एक कप सुमारे ५ सेकंदांत भरावा.
- ओतणे थांबवल्यावर तोटीखाली ओघळ येऊ नये.
- भरलेली किटली एका हाताने उचलता यावी, बोटे तापलेल्या भिंतीला लागू नयेत.
- ओतताना झाकण पडू नये.

या यादीतली प्रत्येक ओळ मोजता येते. "किटली सुबक असावी" ही अपेक्षा योग्यच आहे, पण तिची चाचणी घेता येत नाही.

२. माती किती आटते?

ओली माती वाळताना आटते आणि भाजताना पुन्हा आटते. स्टोनवेअरच्या मातीत दोन्ही मिळून लांबीतले आकुंचन साधारण १० ते १३ टक्के असते. आपण १२ टक्के धरू. म्हणजे ओल्या मातीवरचे १०० मिमी भट्टीनंतर ८८ मिमी होतात.

आता सांगा, भाजल्यावर ६०० मिलि हवे असतील तर ओले भांडे किती मिलिचे घडवायचे? बरेच विद्यार्थी ६०० ला ०.८८ ने भागून ६८२ असे उत्तर देतात. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आटतात. म्हणून भागाकार ०.८८ च्या घनाने करायचा :

०.८८ × ०.८८ × ०.८८ = ०.६८१
६०० ÷ ०.६८१ = सुमारे ८८० मिलि

६८२ मिलिचे भांडे घडवले असते तर हाती जेमतेम ४६५ मिलिची किटली आली असती, म्हणजे चारऐवजी तीनच कप.

मातीचा आकडा पिशवीवर छापलेला असला तरी स्वतः मोजा. त्याच मातीची पट्टी करून तिच्यावर १०० मिमीची रेघ ओढा, किटलीबरोबरच वाळवा, भाजा आणि रेघ पुन्हा मोजा.

३. तोटीची उंची, रुंदी आणि जाळी

किटली आणि तोटी ही एकमेकांना जोडलेली दोन भांडी आहेत, म्हणून दोन्हींत पाण्याची पातळी सारखी राहते. तोटीचे टोक किटलीच्या काठापेक्षा १ सेमी खाली राहिले, तर किटली वरपर्यंत भरताच येत नाही; आधी तोटीतून चहा सांडू लागतो. वरच्या भागाचा आतला व्यास १० सेमी असेल तर त्या एका सेंटिमीटरपायी सुमारे ७८ मिलि क्षमता वाया जाते. अर्धा कप गेला! म्हणून तोटीचे टोक काठाच्या पातळीत किंवा किंचित वर ठेवा.

आता वेग पाहू. किटली कलती केल्यावर आतल्या चहाची पातळी तोटीच्या टोकापेक्षा २ सेमी वर आहे असे धरा. आदर्श वेग = वर्गमूळ (२ × ९.८१ × ०.०२) = सुमारे ०.६३ मीटर प्रति सेकंद. टोकाचा आतला व्यास १० मिमी, म्हणजे काटछेद ७८.५ चौ. मिमी. यावरून प्रवाह सुमारे ४९ मिलि प्रति सेकंद येतो. घर्षण, जाळी आणि प्रवाहाचे आकसणे यांसाठी ०.६ हा गुणांक धरला तर सुमारे ३० मिलि प्रति सेकंद मिळतात. कप पाच सेकंदांत भरतो. यादीतली दुसरी ओळ पूर्ण झाली.

हे खरे ठरण्यासाठी प्रवाह तोटीच्या टोकाशीच सर्वांत अरुंद असायला हवा. तोटी बुडाशी रुंद ठेवून टोकाकडे हळूहळू निमुळती करा. तोटीच्या मुळाशी भिंतीत पाडलेल्या चहापत्तीच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ टोकाच्या काटछेदापेक्षा मोठे हवे. ४ मिमीच्या एका भोकाचे क्षेत्रफळ १२.६ चौ. मिमी. किमान सात भोके लागतात. पत्ती अडकणार हे धरून पंधरा ते वीस पाडा. पण ४ मिमी हे अंतिम माप आहे. ओल्या मातीत ५ मिमीचे भोक पाडले तर भाजल्यावर ४.४ मिमी राहते आणि झिलईचा पाव मिलिमीटरचा थर दोन्ही बाजूंनी बसला की ३.९ मिमी. ओल्या मातीत ३ मिमीचे भोक पाडणाऱ्याची जाळी झिलईने बुजण्याची शक्यता मोठी.

४. थेंब तोटीखाली का वळतो?

मार्कुस रायनर यांनी १९५६ साली या घटनेला "किटली परिणाम" असे नाव दिले. पृष्ठताणामुळे चहा तोटीला चिकटतो, एवढेच उत्तर अपुरे आहे. १९५७ मध्ये जोसेफ केलर यांनी दाखवले की ओठाला वळसा घालणाऱ्या प्रवाहात आतल्या बाजूला वेग वाढतो आणि दाब घटतो. बाहेरच्या हवेचा दाब त्याहून जास्त असल्याने प्रवाह तोटीच्या अंगावर दाबला जातो. पुढे केलर आणि जाँ-मार्क व्हाँडेन-ब्रोक यांना या कामासाठी १९९९ चे इग नोबेल पारितोषिक मिळाले. लोक हसले, पण गणित पक्के होते.

२०१० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की पृष्ठभाग किती ओला होतो आणि कडेची वक्रता किती आहे, यांवरही ओघळ अवलंबून असतो. पाणी अजिबात न धरणाऱ्या पृष्ठभागावर तो जवळजवळ नाहीसा होतो. २०२१ च्या एका सैद्धांतिक अभ्यासाने ओठाच्या खालच्या कडेशी टिकून राहणाऱ्या लहानशा थेंबाकडे लक्ष वेधले. वेग एका मर्यादेखाली गेला की तो थेंब सगळ्या प्रवाहाला खाली वळवतो.

ओघळ ओतण्याच्या शेवटी का येतो, हे वेबर संख्येवरून समजते. ही संख्या प्रवाहाचे जडत्व आणि पृष्ठताण यांची तुलना करते :

वेबर संख्या = घनता × वेग × वेग × व्यास ÷ पृष्ठताण

८० °से तापमानाच्या पाण्याची घनता सुमारे ९७० किग्रॅ प्रति घनमीटर आणि पृष्ठताण ०.०६३ न्यूटन प्रति मीटर घ्या. वेग ०.६ मीटर प्रति सेकंद असताना ही संख्या सुमारे ५५ येते. जडत्व बलवान असते आणि धार सरळ सुटते. हात सरळ करताना वेग ०.१ वर आला की संख्या १.५ इतकी उरते. आता पृष्ठताण बरोबरीला आलेला असतो आणि धार तोटीकडे वळते. म्हणून किटली हळूहळू सरळ केली तर ओघळ जास्त येतो.

५. ओठ कसा कापावा?

वरील कारणांतून चार उपाय निघतात.

पहिला, कड धारदार ठेवा. गोल कडेवरून प्रवाह सहज वळतो, धारदार कडेवरून सुटतो.
दुसरा, ओठ टोकाशी किंचित खाली झुकवा. मग तोटीखाली शिरण्यासाठी चहाला आधी वर चढावे लागते.
तिसरा, टोक अरुंद ठेवा, म्हणजे वेग टिकतो.
चौथा, ओठाची खालची बाजू कमी ओली होईल असे पाहा. तोटीखाली लोण्याचे बोट फिरवण्याची घरगुती युक्ती याच तत्त्वावर चालते.

पण प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. धारदार कड धुताना टवका उडून तुटते. टोक फार अरुंद केले तर कप भरायला वेळ लागतो आणि पत्ती अडकते. शिवाय भट्टीत वितळलेली झिलई स्वतःच्या पृष्ठताणामुळे कडेची धार बोथट करते. म्हणजे ओल्या मातीत कापलेली धार आपल्याला तशीच मिळत नाही. म्हणून माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर ओठ तारेने एका झटक्यात कापा. जिथून प्रवाह सुटतो ती खालची कड तशीच राहू द्या, बाकीच्या कडा ओल्या स्पंजाने मऊ करा. झिलई लावल्यावर ओठावरचा थर पुसून पातळ करा. आणि खाण्यापिण्याच्या भांड्यावर शिसेयुक्त झिलई कधीही वापरू नका.

चाकावर घडवलेल्या तोटीत आणखी एक अडचण असते. घडवताना मातीला पडलेला पीळ भट्टीत थोडा उलगडतो आणि तिरपा कापलेला ओठ एका बाजूला फिरतो. दिशा चाक कोणत्या बाजूला फिरते त्यावर ठरते. पहिल्या तोटीवर उभी रेघ ओढा, भाजल्यावर ती किती अंश फिरली ते मोजा आणि पुढच्या वेळी ओठ तितकाच उलट फिरवून कापा.

उपाय साहित्यावरही अवलंबून असतात. मणिपूरमधील लोंगपीची काळी भांडी सर्पेंटाइन दगडाची भुकटी आणि माती मिसळून, चाकाशिवाय घडवतात. त्यांना झिलई नसते, त्यामुळे कड झिलईने बोथट होण्याचा प्रश्नच नाही. जयपूरच्या निळ्या भांड्यांचा मुख्य घटक क्वार्ट्झची भुकटी आहे. तिला मातीसारखा चिवटपणा नसल्याने ओठ बोटांनी ओढून वळवता येत नाही.

६. कान आणि झाकण

रिकामी किटली ७०० ग्रॅम धरली तर भरल्यावर वजन सुमारे १.३ किग्रॅ होते. गुरुत्वमध्यापासून मूठ ११ सेमी दूर असेल तर मनगटावर १.३ × ९.८१ × ०.११ = १.४ न्यूटन-मीटर आघूर्ण येते. मूठ ८ सेमीवर आणली तर ते १.० वर उतरते. मात्र कान आणि भिंत यांत सुमारे ३ सेमी मोकळी जागा हवी, नाहीतर बोटे पोळतात. हे अंतरही भाजल्यानंतरचे.

झाकणाला छोटे भोक ठेवा. चहा बाहेर पडतो तेवढी हवा आत आली नाही तर आतला दाब घटतो, धार अडखळते आणि किटली गुडगुडते. भोकावर बोट ठेवून पाहा, घट्ट झाकणाच्या किटलीची धार थांबते. झाकणाची आतली पट्टी खोल ठेवा, म्हणजे किटली कलती असताना झाकण निसटणार नाही. पहिल्या भाजणीत झाकण किटलीवर ठेवूनच भाजा, म्हणजे दोन्हींचा आकार सारखाच बदलतो.

७. सुधारणा कशी करावी?

सावकाश वाळवणे, ९५० ते १००० °सेची पहिली भाजणी आणि १२०० °सेच्या वरची झिलईची भाजणी, यांत एक फेरी सहज तीन आठवडे घेते. एका सत्रात अशा चार-पाचच फेऱ्या होतात. शिवाय कच्चे भांडे भिजवून त्याची पुन्हा माती करता येते, भाजलेल्याची नाही. त्यामुळे दोष शोधण्याची योग्य वेळ भाजण्याआधीची आहे.

म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण किटली घडवू नका. एकसारखे तीन साधे डबे घडवा आणि त्यांना तीन वेगळ्या ओठांच्या तोट्या जोडा : गोल कडेचा, धारदार, आणि धारदार पण खाली झुकलेला. बाकी सर्व मापे सारखी ठेवा. भाजल्यावर प्रत्येकातून ३०० मिलि पाणी १०, २० आणि ४० सेकंदांत ओता. तोटीखाली आधी तोललेला टिपकागद ठेवा आणि ओतल्यानंतर पुन्हा तोला. एका थेंबाचे वजन सुमारे ०.०५ ग्रॅम असते, त्यामुळे ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. प्रत्येक चाचणी दहा वेळा घ्या. आधी साध्या पाण्याने आणि मग, काळजीपूर्वक, गरम पाण्याने.

कोणता ओठ जिंकेल हे आधी वहीत लिहून ठेवा. अंदाज चुकला तर नेमका कुठे चुकला, हे त्या नोंदीवरून कळते.

सारांश

किटलीची क्षमता आकुंचनाच्या घनाने बदलते. प्रवाह तोटीच्या टोकाशी ठरतो आणि ओघळ ओठाच्या कडेवर. धारदार कड चांगली ओतते पण लवकर तुटते. ही तडजोड टाळता येत नाही, ती फक्त मोजून करता येते.

स्वाध्याय

१. आकुंचन १० टक्के असेल तर ६०० मिलिच्या किटलीसाठी ओले भांडे किती मिलिचे घडवाल?
२. टोकाचा व्यास ८ मिमी केला तर कप भरायला किती सेकंद लागतील? बाकी मापे तीच धरा.
३. तुमच्या घरातली किटली, तांब्या किंवा जग घेऊन कलम ७ मधील चाचणी करा. ओघळ कोणत्या वेगाला सुरू होतो ते नोंदवा आणि ओठाचा कोणता एक बदल सुचवाल ते कारणासह लिहा.