कॉम्प्युटरला लागलेले खंडणीचे कुलूप

घरच्या कॉम्प्युटरमध्ये आज काय नसते? निकाहाचे फोटो, मरहूम आजोबांच्या आवाजाची रेकॉर्डिंग, आधार आणि रेशनकार्डाच्या स्कॅन प्रती, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दुकानाची उधारी. आमच्या मुरुडसारख्या गावात तर एकच कॉम्प्युटर घराचाही असतो आणि धंद्याचाही. एखाद्या दिवशी यातली एकही फाइल उघडत नाही, प्रत्येक फाइलच्या नावामागे अनोळखी अक्षरे चिकटलेली दिसतात आणि पैसे भरा म्हणणारी इंग्रजी चिठ्ठी सापडते. असे झाले तर समजावे की रॅन्समवेअर शिरले आहे.

रॅन्सम म्हणजे खंडणी. हा व्हायरस फाइली पुसत नाही, त्यांना गणिती कुलूप लावतो आणि किल्ली गुन्हेगाराच्या हाती राहते. अँटिव्हायरसने नंतर व्हायरस काढला तरी कुलूप तसेच राहते. चोर पकडला म्हणून कपाट उघडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

मोठ्यांनाही सुटका नाही

लातूर-नांदेडच्या औद्योगिक वसाहती ज्या महामंडळाच्या अखत्यारीत येतात, त्या एमआयडीसीवर रविवार, २१ मार्च २०२१ च्या पहाटे असाच हल्ला झाला. सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद झाली, कार्यालयांतले काही कॉम्प्युटरही सापडले आणि ऑनलाइन कामकाज ठप्प झाले. महामंडळाकडे अँटिव्हायरस होता, तरीही हे घडले. मात्र माहितीच्या बॅकअप प्रती नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या आणि तिथपर्यंत व्हायरस पोचला नाही.

आपल्यासाठी धडा यातच आहे. किल्ली मिळेल की नाही हे आपल्या हातात नसते. वेगळी ठेवलेली प्रत मात्र आपल्या हातात असते.

दार कोण उघडते?

बहुतेक वेळा आपणच. घरगुती कॉम्प्युटरना सर्वाधिक छळणाऱ्या रॅन्समवेअरपैकी एक म्हणजे २०१८ पासून पसरलेले 'स्टॉप-डेजाव्हू'. ते मुख्यतः 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येते. उर्दू टायपिंगचे सॉफ्टवेअर, फोटो एडिटिंग, गेम, विंडोज ॲक्टिव्हेट करणारी छोटी फाइल, सगळे फुकट हवे असते. इन्स्टॉल करताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते आणि आपण ती निमूट पाळतो. फुकटचा माल हक्काचा नसतो हे आपण मुलांना शिकवतो. इथे तर तो महागातही पडतो. कारण हे रॅन्समवेअर शेकडो डॉलर मागते आणि तीन दिवसांत भरल्यास निम्मे म्हणून घाई करायला लावते.

दुसरे दार म्हणजे जुने, अपडेट न केलेले विंडोज. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला. ज्या फटीतून ते शिरले, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी जवळपास दोन महिने, १४ मार्चलाच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले. विंडोज १० चे नियमित अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, हे ध्यानात असू द्या.

जुम्म्याची सवय

महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर, म्हणजे गूगल ड्राइव्हवर किंवा नातेवाइकाकडे. दर जुम्म्याला हार्ड डिस्क जोडा, प्रत घ्या आणि लगेच काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कलाही तेच कुलूप लागते. अधूनमधून ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. गावोगावच्या झेरॉक्स सेंटरवाल्यांनी आणि फोटो स्टुडिओवाल्यांनी तर ही सवय लावून घ्यावीच. त्यांच्याकडे असलेली लोकांची कागदपत्रे ही अमानत आहे.

कुलूप लागलेच तर

१. इंटरनेट लगेच तोडा. पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढा.

२. घाईने फॉर्मॅट करू नका. चिठ्ठीचा फोटो काढा. कुलूपबंद फाइली आणि ती चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. आज नसलेली किल्ली उद्या मिळू शकते.

३. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून 'नो मोअर रॅन्सम' ही वेबसाइट उघडा. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये ती सुरू केली. तिथे एखादी कुलूपबंद फाइल आणि चिठ्ठी दिली की रॅन्समवेअरचा प्रकार कळतो आणि किल्ली उपलब्ध असल्यास फुकट मिळते. स्टॉप-डेजाव्हूच्या अनेक जुन्या प्रकारांसाठी एमसीसॉफ्ट कंपनीचे मोफत साधन आहे. नव्या प्रकारांत काहीच फाइली उघडतात.

४. किल्ली वापरण्याआधी व्हायरस पूर्ण काढा, नाहीतर फाइली पुन्हा बंद होतील.

५. जुन्या प्रती शोधा. कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड, जुना मोबाइल, व्हॉट्सॲप, पाठवलेले ईमेल, सगळे तपासा. गूगल ड्राइव्हवर फाइलची आधीची आवृत्ती साधारण ३० दिवस राहते. स्टॉप-डेजाव्हू मोठ्या फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग बंद करते. त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ काही वेळा दुरुस्त होतात.

६. पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. या व्हायरसबरोबर पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअरही पुष्कळदा येते.

७. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

खंडणी भरू नका. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कुणी देत नाही आणि त्याच पैशांतून पुढचे घर लुटले जाते. 'हमखास फाइली उघडून देतो' म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासूनही सावध राहा.

हार्ड डिस्कला काही हजार रुपये लागतात. पण वडिलांचा आवाज एकदा गेला, तर तो कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. येत्या जुम्म्यापासून सुरुवात करा आणि हे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींकडे सोपवा. ती ते आपल्यापेक्षा लवकर शिकतील.